दुसरी वेलांटी

तुर्कस्तानच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठी काश नावाचं गाव आहे. तुर्की भाषेत काश म्हणजे भुवई. हे गाव मी तीन वर्षं रोज रात्री जेवल्यावर संगणकावर बघत असे. समुद्राकडे तोंड करून बसलेलं जुनं ग्रीक नाट्यगृह, गल्लीच्या टोकाला इसवी सनापूर्वीची दगडी शवपेटी, तिच्या सावलीत निजलेलं मांजर, आणि समुद्र असा की वीस-तीस मीटरपर्यंत आरपार दिसावं. प्रत्येक वर्णनात तीनच गोष्टी ठासून सांगितलेल्या: निवांतपणा, निसर्ग आणि डायव्हिंग. यांतल्या पहिल्या दोन पुण्यात मिळत नाहीत आणि तिसरी तासाच्या हिशेबानं मिळते.

म्हणून मी तिसरीपासून सुरुवात केली. एका तरणतलावावर चार धडे घेतले. माझ्याबरोबर शिकणारे सगळे दुसरी-तिसरीतले होते आणि ते मला 'आजोबा, बाजूला व्हा' म्हणत. प्रशिक्षकाचा एकच मंत्र होता: "सर, काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. पाण्याखाली श्वास चालूच ठेवायचा." हा मंत्र मी इतका घोटला की बेसिनवर तोंड धुतानाही श्वास चालू ठेवू लागलो आणि दोनदा ठसका लागला. मग काचेचा मुखवटा, श्वासाची नळी आणि रबराचे बदकपाय अशी खरेदी झाली. डिसेंबरात काशचं पाणी गार असतं, त्यामुळे दर उतरलेले असतात. उतरलेला दर हीच माझी सगळ्या साहसांमागची प्रेरणा आहे.

आता फक्त घरात सांगायचं होतं. घरात म्हणजे साताऱ्याच्या आत्याला. तिचं वय चौऱ्याहत्तर. कानाचं यंत्र आहे, पण ते ती कपाटात ठेवते, 'उगीच बॅटरी जाते' म्हणून.

"आत्या, डिसेंबरात काशला जायचं म्हणतोय."

पलीकडे शांतता. मग पदरानं नाक पुसल्याचा आवाज.

"शेवटी बुद्धी झाली रे तुला. तुझे आजोबा जन्मभर 'काशीस जावे' म्हणत राहिले आणि म्हणता म्हणताच गेले."

"अगं काशी नाही, काश. तुर्कस्तानातलं."

"तीर्थस्थानातलं म्हणजे काय, सगळ्यात मोठं तीर्थस्थानच ते. मला काय सांगतोस! आम्ही दोघं येतोय."

संध्याकाळपर्यंत अकरा नातेवाइकांना बातमी लागली. एकीनं गंगेत सोडायला एकावन्न रुपये पाठवले. एका चुलत चुलत्यानं अभिनंदन करून वर 'एवढं सुचलं हे विशेष' असं म्हटलं. रात्री आत्याचा पुन्हा फोन आला, की परतल्यावर मावंदं साताऱ्यात घालायचं, आचारी सांगून ठेवलाय, पुरण करायचं की जिलबी तेवढं कळव. मावंद्याचा आचारी ठरल्यावर यात्रा रद्द करायची हिंमत कुणाची?

बायको म्हणाली, "तू सांग त्यांना खरं काय ते."

मी म्हटलं, "तुझं ती ऐकते, तू सांग."

कुणीच सांगितलं नाही. एका दुसऱ्या वेलांटीनं आम्हाला सुमारे पाच हजार किलोमीटर पूर्वेला नेऊन टाकलं. सूड म्हणून मी मुखवटा, नळी आणि बदकपाय बॅगेत भरले. पैसे परत मिळणार नव्हते.

काशीत आमची उतरायची सोय दुर्गाघाटापाशी एका गुरुजींच्या घरी होती. दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा मराठी घरांचा जुना मोहल्ला. गुरुजींची मराठी आपल्यासारखीच, पण चाल बनारसी. प्रत्येक वाक्य पायऱ्या उतरून गंगेपर्यंत जायचं आणि तिथे थोडं बसायचं.

"या, बसा. चहा घेता, की आधी स्नान करून येता? काय आहे ना, इथे स्नान म्हणजे कार्यक्रमच आहे. एकदा गेलं की मग माणूस येतो आपला... केव्हा तरी."

मी खिशातून छापील वेळापत्रक काढलं. सूर्योदय 6.35, स्नान 6.50 ते 7.05, कचोरी-जिलबी 7.20, काळभैरव 7.45, विश्वनाथ 8.30, निवांतपणा 11.00 ते 11.40. गुरुजींनी ते शेवटपर्यंत वाचलं. 'निवांतपणा'पाशी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग कागदाची चार पदरी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं. आमच्या संपूर्ण मुक्कामात त्या वेळापत्रकाचा तेवढाच उपयोग झाला.

"घाटावर जायचं," गुरुजी म्हणाले, "पुढचं पुढे होतं."

घाट चौऱ्याऐंशी. त्यांतले कितीतरी आपल्या लोकांचे. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा, शिंद्यांचा, पेशव्यांचा. ज्या विश्वनाथाच्या रांगेत आम्ही पुढे तीन तास उभे राहिलो, ते देऊळही 1780 साली अहिल्याबाईंनीच उभं केलेलं. मराठी माणसानं काशीत इतक्या पायऱ्या बांधल्या आणि त्यांवर बसायला मात्र कुणी थांबलं नाही. मोजमाप घेतलं, हिशेब चुकते केले आणि लगोलग पुढच्या मोहिमेवर निघाले. तिथे निवांत बसलेला एकही माणूस मला मराठी आढळला नाही. मराठी माणसं ओळखू येत होती ती पायऱ्या मोजताना.

शिंदे घाटावर रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते सरळ उभं नाही. नऊ अंश कललंय म्हणतात. पिसाचा मनोरा चारच्या आसपास. वर्षातले कितीतरी महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. खुद्द तो घाटही बायजाबाई शिंद्यांनी 1830च्या सुमारास बांधला तो स्वतःच्याच भारानं खचला. मी पिसाचा विषय काढल्यावर गुरुजी शांतपणे म्हणाले, "तिकडे तो कलला म्हणून तिकीट लावलं. आमचं कलतं तर लोक म्हणतात, कलू द्या, आपल्याला कुठे त्यात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी निसर्ग बघायचा असं मीच जाहीर केलं. नाव ठरवली. नावाड्याच्या गालात पान होतं. पान तोंडात असलेल्या बनारसी माणसाला प्रश्न विचारणं हा वेळेचा मोठा खेळ असतो. प्रश्न विचारला की तो आधी हनुवटी आभाळाकडे करतो, डोळे मिटतो, 'हूं' असा नाकातून आवाज काढतो, मग उत्तर देण्याइतका प्रश्न महत्त्वाचा आहे का याचा विचार करतो. महत्त्वाचा नसेल तर डोळे उघडतो. महत्त्वाचा असेल तर नावेच्या कडेला जाऊन तोंड मोकळं करतो. तोवर दोन घाट मागे पडलेले असतात आणि ज्या देवळाबद्दल विचारलं ते वळणाआड गेलेलं असतं.

"भैया, डॉल्फिन दिखेगी?"

हनुवटी वर. हूं. एक घाट गेला. दुसरा गेला.

"सूंस?" शेवटी तो म्हणाला. "दिख गई तो दिख गई."

गंगेतली डॉल्फिन म्हणजे सूंस. श्वास घ्यायला वर येते तेव्हा तसा आवाज होतो म्हणून ते नाव. 2009 साली तिला राष्ट्रीय जलचर केलं. ती जवळजवळ आंधळी असते, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते आणि बऱ्याचदा एका कुशीवर पोहते. वर येते ती क्षणभर. तो क्षण माझ्या वाट्याला चार वेळा आला असावा. पहिल्यांदा मी चष्मा पुसत होतो. दुसऱ्यांदा आत्या मला स्वेटर घालत होती. तिसऱ्यांदा बायको 'ते बघ' म्हणाली तेव्हा मी ती बोट कुठे दाखवतेय ते बघत बसलो. चौथ्यांदा मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि पुढे आतोबांची कानटोपी होती. जिला दिसत नाही तिला मी अचूक दिसत होतो. नावाड्यानं समजूत घातली, की खरं बघायचं तर कैथीला जा, जिथे गोमती गंगेला मिळते. इथे घाटापाशी तीही आमच्यासारखीच, मन झालं तर येते.

"और कछुआ?"

या प्रश्नाला मात्र त्यानं ताबडतोब तोंड मोकळं केलं.

"कछुआ? अरे साहब, उनका तो तबादला हो गया।"

मला वाटलं थट्टा करतोय. पण सरकारी कागदावर हे खरंच घडलंय. 1986 साली गंगा शुद्धीकरणाची योजना इथे सुरू झाली, तेव्हा अर्धवट जळून प्रवाहात आलेलं खाऊन टाकायला मांसाहारी कासवं वाढवून नदीत सोडली. 1989 साली राजघाटापासून रामनगरपर्यंतचं सात किलोमीटरचं पात्र कासवांचं अभयारण्य ठरलं. 2020 साली तो दर्जा काढून घेतला आणि नवं अभयारण्य वरच्या अंगाला प्रयागराज-मिर्झापूरकडे नेलं. म्हणजे सेवेत घेतलं, तीस वर्षं घाणीचं खातं दिलं आणि मग बाहेरगावी बदली. हे ऐकून आतोबांचे डोळे पाणावले. ते जिल्हा परिषदेत होते.

निसर्गापैकी एकच गोष्ट आम्हाला भरपूर दिसली. थंडीत उत्तरेकडून येणारे पांढरे कुरव पक्षी. सगळे त्यांना सायबेरियन म्हणतात. नावाडी 'आओ, आओ' असं ओरडतो आणि प्रवासी शेव उधळतात. हजारो मैल उडत यायचं, आणि कशासाठी, तर फरसाणासाठी. आत्याला ते फार पटलं. "सातारचं भडंग आणलं असतं तर यांनी मुक्काम वाढवला असता," ती म्हणाली. एका पक्ष्यानं माझ्या हातातली पुडीच नेली. पुडीला रबर होतं.

उरलेला वेळ काय करायचं? नावाडी म्हणाला, "चलिए, बहरी अलंग।"

बहरी अलंग म्हणजे बाहेरची बाजू. काशीत गंगा उत्तरेला वाहते. गाव सगळं पश्चिमेच्या काठावर आणि पूर्वेला नुसती वाळू. जुन्या बनारसी माणसाचा रिसॉर्ट तोच. नावेनं पलीकडे जायचं, तेल लावायचं, दंड-बैठका काढायच्या, कपडे आपटून वाळत घालायचे, ठंडाई घोटायची, ते होईतो गप्पा आणि त्या होईतो झोप. 2023 साली याच वाळूवर पर्यटकांसाठी तंबूंचं शहर उभं केलं होतं. बहरी अलंगवाल्यांना तंबूची कधीच गरज पडली नव्हती.

तिथे एक गृहस्थ लाल लंगोटावर वाळूत पालथे पडले होते आणि दुसरे त्यांच्या पाठीला मोहरीचं तेल चोळत होते. पालथ्यानं मान न उचलता विचारलं, "का गुरू, कहाँ से?"

"पुणे से।"

"का करे आए हैं?"

"आराम."

"कब तक?"

"परसों दोपहर चार बजे तक."

चोळणारा थांबला. पालथा उताणा झाला. दोघांनी माझ्याकडे डॉक्टर रुग्णाकडे बघतो तसं पाहिलं.

"ई आराम नाहीं न है," पालथा म्हणाला. "ई ड्यूटी है।" आणि पुन्हा पालथा झाला.

मी ठरवलं, आपणही वाळूत पडायचं. पडलो. पहिली तीन मिनिटं बरं वाटलं. चौथ्या मिनिटाला घराची किल्ली कुणाकडे दिली ते आठवेना. सहाव्या मिनिटाला रिकाम्या हातांचं काय करायचं असतं ते कळेना. आठव्या मिनिटाला मी नावाड्याला परतीला किती वेळ लागेल ते विचारलं. त्यानं हनुवटी वर केली.

आता डायव्हिंग. तिसऱ्या दिवशी पहाटे पंचगंगा घाटावर स्नान ठरलं. धुकं होतं, पाणी असं की पाय घातला तो पाय परत मागावासा वाटावा. आत्या नऊवारीचा काष्टा घट्ट करून 'हर गंगे' म्हणत उतरली आणि पाण्यातूनच तिनं मला हाक मारली. मी पायरीवर बसून बदकपाय चढवत होतो.

"हे कशाला रे?"

"बुडी मारायला."

"काशीत बुडी मारायला दोन बोटं पुरतात. नाकाला."

पण मी हट्टाला पेटलो होतो. मुखवटा लावला, नळी दातांत धरली आणि उभा राहिलो. बदकपाय घालून शेवाळलेली पायरी उतरता येत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तरणतलावाला शिडी असते. मी उलटा वळून पाठमोरा उतरू लागलो. घाटावर गर्दी जमली. एका बाईनं मुलाला माझ्याकडे बोट दाखवून नमस्कार करायला लावला. कुणीतरी म्हणालं, कोई नया अखाड़ा है.

गुरुजी वरून सांगत होते, "श्वास रोखा आणि एकदम खाली!" डोक्यात प्रशिक्षक ओरडत होता, "श्वास रोखायचा नाही!" एका धर्मात मी चार धडे घेतलेले, दुसऱ्यात जन्मलेला. पाणी डोक्यावरून गेलं आणि मी दोघांचंही ऐकलं. अर्धा श्वास रोखला, अर्धा घेतला. नळीतून गंगा थेट पोटात. मुखवट्यातून मला एवढंच दिसलं की सगळं हिरवट आहे आणि त्यात मध्ये माझं नाक आहे. काशला तीस मीटर दिसतं. इथे मला माझं नाकच दिसलं, तेही यापूर्वी इतकं मोठं कधी दिसलं नव्हतं.

वर येताना मी हातपाय झाडले. एक बदकपाय कशाला तरी आपटला आणि टण्ण असा आवाज झाला. मग आत्याची किंकाळी.

"गडू!"

गंगा भरून न्यायचा तांब्याचा गडू. आत्याच्या सासूबाईंचा, गळ्यावर नाव कोरलेला. पायरीवर ठेवला होता, तो गेला.

घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून पोरं नाणी काढत असतात. हल्लीची बरीच नाणी स्टीलची, चुंबकाला चिकटतात. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा हे सगळं बघत बसला होता. मी त्याला म्हटलं, चुंबक टाक.

"ताँबा है चाचा, चुंबक से नहीं आएगा। गोता लगाना पड़ेगा।"

"कितना?"

"दो सौ."

"सौ."

पोरगा पुन्हा पायरीवर बसला. नदीला घाई नव्हती आणि त्यालाही नव्हती. घाई एकट्या मला होती, आणि ते सगळ्या घाटाला कळत होतं.

आत्या काठावर डोळे पुसत होती. तिला धीर द्यावा म्हणून मी सांगितलं, की 1982 साली काशजवळ उलुबुरून इथे स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी कान असलेली धातूची बिस्किटं दिसली. तो होता तांब्याचा साठा, एका बुडालेल्या जहाजातला. पुढे अकरा हंगाम बावीस हजारांवर बुड्या मारून दहा टन तांबं वर काढलं.

"किती दिवस पडलं होतं ते?"

"तेहतीसशे वर्षं."

"माझी उद्याची गाडी आहे रे."

मी दोनशे कबूल केले. पोरानं शर्ट काढला. मी औदार्यानं त्याच्यापुढे मुखवटा धरला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"ई लगा के अंदर दिखता है?"

"नहीं."

"तो काहे लगाए थे?"

उत्तर सुचेपर्यंत तो गेला होता. डोळे मिटून, पायांनी चाचपत शोधतात ही पोरं. दीड मिनिट झालं असेल. वर आला, हात उंच, हातात गडू. घाटानं जयघोष केला. आत्यानं तो हातात घेतला, बोटानं गाळ पुसला, चष्म्याजवळ नेला.

"हा आपला नाही. यावर कऱ्हाड लिहिलंय. कुणाच्या तरी सूनबाईंचा आहे." आणि गडू त्याच्या हातात परत दिला. "जिथे होता तिथे ठेव बाळा."

हे भाषांतर करून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. "वापस रखें?" वापस. तो पुन्हा खाली गेला, कऱ्हाडच्या सूनबाईंचा गडू तळाशी ठेवून आत्याच्या सासूबाईंचा घेऊन आला. पोचा आला होता, माझ्या बदकपायाचा. त्यानं दोनशे घेतले आणि गडू परत ठेवण्याचे पन्नास वेगळे. मला ते रास्त वाटले.

काशीत आवडती गोष्ट सोडायची असते. संध्याकाळी गुरुजींनी सगळ्यांना विचारलं. आत्यानं कारलं सोडलं, जे तिनं चाळीस वर्षांत खाल्लेलं नाही. आतोबांनी दुधी. बायको म्हणाली, मी यांची वेळापत्रकं वाचणं सोडते. गुरुजींनी टेबलाच्या पायाकडे बघून 'उत्तम त्याग' म्हटलं. मी ऑलिव्ह म्हणालो. गुरुजी म्हणाले, आवडती गोष्ट पाहिजे, नुसती परदेशी नको. मग मी काय सोडलं ते सांगत नाही, पण हल्ली जेवल्यावर संगणक उघडला की चुकचुकल्यासारखं होतं.

साताऱ्याचं मावंदं दणक्यात झालं. पुरण आणि जिलबी दोन्ही. गडूची पूजा झाली. सगळे पाया पडले, आधी गडूच्या, मग आत्याच्या, मग नाइलाजानं माझ्या. आत्याच्या तोंडून कथा ऐकली तेव्हा ती बरीच वाढली होती. तीत मी सासूबाईंच्या गडूसाठी जिवाची पर्वा न करता उडी घेतली होती आणि एका बालमूर्तीनं मला वर काढलं होतं. पोचा हा प्रसाद होता.

पंगत उठल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"निम्मंच झालंय हं अजून. काशीची गंगा रामेश्वराला घालायची असते, तेव्हा यात्रा पुरी होते. तिकडे समुद्र आहे ना रे?"

"आहे की."

"निवांत असेल?"

"असेल."

"मग ते तुझे बदकाचे पाय टाकून नको देऊस," आत्या म्हणाली. "मात्र उतरताना गडू मी वरच धरीन."